कळसूबाईच्या पायथ्याचे पाणी : एका अभ्याससहलीतून

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

धबधबा म्हटला की आम्हां पुणेकरांच्या डोळ्यांपुढे लोणावळा येतो. रविवारी सकाळच्या लोकलने जावे, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजावे, कणीस खावे आणि संध्याकाळी कुडकुडत परत यावे, एवढीच आपली धबधब्याची कल्पना. माझीही तीच होती. गेल्या ऑगस्टच्या अखेरीस भूगोल विभागाची अभ्याससहल भंडारदऱ्याला जाणार अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा ‘त्यात अभ्यास कसला?’ असे वर्गातल्या बहुतेकांना वाटले. मला मात्र पहिली काळजी वर्गणीची पडली. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई पाच घरची धुणीभांडी करते. सहल हा शब्द आमच्याकडे ‘पैसे जास्त झाले का?’ या प्रश्नासह येतो. पण सहलीचा अहवाल लिहायचा आहे आणि त्याला गुण आहेत असे सांगितल्यावर आईने पैसे काढून दिले. हा लेख म्हणजे त्याच अहवालाचा विस्तार आहे. अहवालात ज्या गोष्टी बसल्या नाहीत त्या येथे आल्या आहेत, म्हणून तो थोडा पसरट झाला असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. ते अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) आणि नाशिक या जिल्ह्यांच्या सीमेवर, अकोले तालुक्यात आहे. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर असे जावे, तेथून अकोले आणि राजूर ओलांडून शेंडीला पोचावे. शेंडी म्हणजेच भंडारदऱ्याचे गाव. संगमनेरपर्यंत आमच्या गाडीच्या काचा उघड्या होत्या आणि उकडत होते. राजूर आले तेव्हा सर्वांनी काचा ओढून घेतल्या होत्या आणि बाहेर भातखाचरांवर पाऊस सरळ रेषेत पडत होता. सर म्हणाले, “आता जे झाले ते वहीत लिहा.” आम्ही काय झाले म्हणून एकमेकांकडे पाहू लागलो. पर्जन्यछायेचा प्रदेश ही व्याख्या आम्ही शाळेपासून पाठ केलेली. पण ती आत्ताच उलट्या दिशेने आमच्या खिडकीबाहेरून गेली हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच आपले ओझे टाकतात. घाटमाथ्यावरच्या घाटघर या गावी वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तेच ढग अकोल्याला येईपर्यंत रिकामे झालेले असतात. तेथे वीस-पंचवीस इंच पडला तरी पुष्कळ, आणि संगमनेरला त्याहूनही कमी. एकाच तालुक्यात एका टोकाला माणसे इरली पांघरून चिखलात भाताची आवणी करतात आणि दुसऱ्या टोकाला बाजरी आभाळाकडे पाहत उभी असते. प्रवरा नदी या दोन टोकांना जोडते. रतनगडाच्या परिसरात उगम पावून, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिरावरून ती खाली येते आणि सुमारे दोनशे किलोमीटर वाहून नेवाशाजवळ टोके येथे गोदावरीला मिळते. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते याच नदीच्या काठी.

शेंडीच्या अलीकडे, राजूरहून येताना, प्रथम रंधा धबधबा लागतो. गाडीतून उतरल्यावर तो दिसण्याआधी ऐकू आला. मोठ्या गिरणीजवळ उभे राहिल्यावर पायाखालची जमीन हलते ना, तसे काहीसे वाटले. कठड्याशी गेलो तेव्हा प्रवरा एका खडकाच्या कडेवरून सरळ दरीत झोकून देत होती. उंची कोणी दीडशे फूट सांगतात, कोणी पावणेदोनशे. खाली पाणी दिसतच नव्हते. वर उसळलेल्या तुषारांचा पांढरा ढग तेवढा होता. माझ्या चष्म्यावर पाणी जमले, ते पुसण्यातच माझी पहिली पाच मिनिटे गेली. वर्णन करण्याचा मोह होतो, परंतु वर्णन माझ्यापेक्षा चांगले करणारे याच अंकात आहेत. मी येथे रंधा कसा घडला ते सांगते.

आपला सारा दख्खन लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग काही काळाने त्यावर दुसरा थर आला. हे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काळ्या फत्तराचे, पहारीला दाद न देणारे. काहींत वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरे खनिज साठले. विहीर खणणारे या मऊ खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे भाजलेल्या विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. एक थर निवून त्यावर माती झाली आणि नव्या लाव्ह्याने ती भाजून काढली, त्याची ती खूण. नदी अशा थरांवरून वाहू लागली की मऊ थर लवकर झिजतो, घट्ट थर तग धरतो आणि एक पायरी तयार होते. पाणी त्या पायरीवरून पडून तळाचा मऊ खडक कोरते, वरचा कठीण खडक छज्जासारखा पुढे राहतो, आणि आधार संपला की एके दिवशी कोसळतो. म्हणजे धबधबा एका जागी उभा नसतो, तो उगमाच्या दिशेने मागे मागे सरकत असतो. रंध्याच्या खाली प्रवरेची जी खोल, अरुंद घळ आहे ती धबधब्याने मागे येताना सोडलेली वाट आहे. मला हे समजले तेव्हा कठड्यापासून मी दोन पावले मागे सरले, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

येथेच एक गोष्ट सांगावीशी वाटते. भूगर्भशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील या लाव्हाथरांचे खालून वर असे गट पाडले आहेत. त्यातील सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला कळसूबाई उपगट असे नाव आहे. त्यावर लोणावळा उपगट आणि सर्वांत वर वाई उपगट. राज्यातले सर्वांत उंच शिखर सर्वांत खालच्या थरांचे! सरांनी हे सांगितल्यावर मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. कारण असे की हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. महाबळेश्वरकडे जे थर जमिनीखाली दडले आहेत तेच येथे उत्तरेस उघडे पडून आभाळाला टेकले आहेत. पुस्तकातले हे एक वाक्य मी प्रथम वर्षात न समजता पाठ केले होते आणि त्याला पाच गुणही मिळवले होते.

आता रंध्याची दुसरी बाजू. आम्ही पाहिला तो रंधा पावसाळ्यातला. वर्षाचे बाकीचे कित्येक महिने येथे नुसता कोरडा कडा असतो. धबधब्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवून ते कोदणीच्या वीजगृहाकडे वळविलेले आहे. त्या वीजगृहाची क्षमता ३४ मेगावॅट. जे पाणी दीडशे फूट पडून आवाज करीत असे तेच आता नळातून पडून चक्र फिरवते. उरलेला धबधबा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : भंडारदरा धरणातून वर किती पाणी सोडले त्यावर, आणि कळसूबाईच्या अंगाने येणारी कृष्णवंती नदी किती भरली आहे त्यावर. धरणाचे दरवाजे बंद असतानाही जोराचा पाऊस झाला की कृष्णवंतीच्या पाण्याने रंधा जागा होतो. म्हणजे या महापर्वताने आपल्या हातचे थोडे पाणी अजून राखून ठेवले आहे म्हणायचे.

असे काही फक्त आपल्याकडेच झाले आहे असे नाही. शरावती नदीवर लिंगनमक्की धरण १९६४ साली झाले आणि आठशे तीस फुटांचा जोगचा धबधबाही पावसाळी झाला. नायगाराची गोष्ट तर कराराने बांधलेली आहे. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० साली ठरविले की प्रवासी येतात त्या हंगामात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी सोडायचे, आणि रात्री व इतर वेळी त्याच्या निम्मे चालेल. रात्री पाहणारे कोणी नसते, म्हणून निम्मे! हे वाचून मला प्रथम हसू आले. मग वाटले, निदान तेथे धबधब्याच्या वाट्याचे पाणी कागदावर लिहून तरी ठेवले आहे.

दुसऱ्या दिवशी धरण पाहिले. भंडारदऱ्याचे धरण दगडी बांधणीचे, २७० फूट उंच. काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले; मुंबई प्रांताचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला देण्यात आले, आणि जलाशयाला आर्थर लेक म्हणू लागले. त्यात सुमारे अकरा टीएमसी, म्हणजे अकराशे कोटी घनफूट पाणी मावते. १९६९ साली भिंतीला तडे जाऊन गळती लागली, तेव्हा मागून आधारभिंती उभारून धरण बळकट करण्यात आले. धरणाच्या पायथ्याशी प्रसिद्ध ‘अंब्रेला फॉल’ आहे. मोरीतून सोडलेले पाणी एका गोल खडकावर पडून चारी बाजूंनी पसरते आणि छत्री उघडल्यासारखे दिसते. सर्वांनी त्याचीच छायाचित्रे सर्वांत जास्त काढली. खरे तर हा धबधबा नदीने केलेला नाही. माणूस चक्र फिरवतो तेव्हा छत्री उघडते, चक्र उलटे फिरवले की मिटते.

छत्रीपुढे मी बराच वेळ उभी राहिले, त्याला कारण आहे. माझी आजी प्रवरेच्या कालव्याखालच्या गावात राहते. राहुरीच्या पलीकडे. आमची स्वतःची जमीन नाही, पण लहानपणी मे महिन्यात तिच्याकडे गेलो की गावात एकच शब्द ऐकू येई : ‘रोटेशन’. “रोटेशन कधी सुटतंय?”, “रोटेशन संगमनेरपर्यंत आलं म्हणे.” मग एके पहाटे पाटाला पाणी येई. आम्ही मुले त्यात उड्या मारत असू, बायका गोधड्या धूत असत आणि आजीला उसाला पाणी धरायच्या कामाची रात्रपाळीची मजुरी मिळे. हे पाणी कोठून येते असे मी एकदा विचारले होते. आजी म्हणाली होती, “वरून.” ते ‘वरून’ मला आता दिसत होते. येथून सोडलेले पाणी नदीतून वाहत जाते, संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्याशी डाव्या आणि उजव्या कालव्यांत शिरते आणि तेथून श्रीरामपूर, राहुरीकडच्या उसापर्यंत पोचते. लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे नावही प्रवरेचेच. आपल्या पुण्यातल्या चहात पडणाऱ्या साखरेत घाटघरचा पाऊस विरघळलेला असतो, असे म्हटले तर भूगोलाची चूक होणार नाही.

या पाण्यावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. खाली निळवंडे धरण झाले. त्या प्रकल्पाची कल्पना १९७० सालची आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले २०२३ मध्ये. मधल्या काळात तेथली एक पूर्ण पिढी वाट पाहण्यात म्हातारी झाली. दुष्काळी वर्षी मराठवाड्याच्या जायकवाडी धरणासाठी वरून पाणी सोडावे लागते, तेव्हा तर वृत्तपत्रांत रोज प्रवरेचे नाव असते. घाटघरला आणखी एक नवल आहे. तेथे वरच्या धरणातले पाणी कोकणात चोंढे येथे खाली सोडून वीज निर्माण करतात आणि विजेची मागणी कमी झाली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात. २५० मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. पडलेले पाणी पुन्हा वर नेणारा असा हा धबधबा, फक्त डोळ्यांना न दिसणारा.

रतनवाडीकडे जाताना दिसलेल्या धारांची मोजणी मी एकवीसवर सोडून दिली. त्यातल्या एकीला ‘नेकलेस फॉल’ म्हणतात. नावे ठेवणाऱ्यांनी छत्री, हार अशी पाहुण्यांची नावे ठेवली आहेत. तेथल्या महादेव कोळी लोकांची त्यांसाठी काही जुनी नावे असतील ती विचारायची राहून गेली, ही आमच्या अहवालातील मोठीच उणीव.

तिसरा दिवस कळसूबाईचा. बारी गावातून चढायला सुरुवात केली. वाटेवर जागोजागी ओहोळ आडवे येत होते आणि प्रत्येक ओहोळ वरच्या बाजूला पाहावे तर छोटासा धबधबाच. उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. पावसात त्या गार आणि गुळगुळीत असतात, आणि वर चढणाऱ्याच्या बुटातले पाणी खालच्याच्या तोंडावर पडते. चार तासांनी शिखरावर पोचलो. निरभ्र दिवशी तेथून अलंग, मदन, कुलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड दिसतात असे ऐकून होते. आम्हांला ढग दिसले. ढगात एक लहानसे देऊळ दिसले. नवरात्रात येथे यात्रा भरते आणि म्हातारीकोतारी माणसेसुद्धा अनवाणी चढून येतात.

देवळात कोण आहे? कथा अशी की कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी होती. तिला रानात हिंडण्याची आवड. हिंडत हिंडत ती पायथ्याच्या इंदोरे गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. पण तिने अट घातली की भांडी घासण्याचे आणि केर काढण्याचे काम मला सांगायचे नाही. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरच्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर भरायला लावले. कळसूने ते काम केले, आणि तशीच उठून डोंगरावर निघून गेली ती पुन्हा खाली आली नाही. जेथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवतात. रतनगडची रतनाबाई आणि कात्राबाई या तिच्या बहिणी, असेही मानतात. महाराष्ट्राच्या माथ्यावर राजाराणीचे नाही, घरकामाला राहिलेल्या एका पोरीचे नाव आहे, हे मला त्या पावसात उभे असताना फार मोठे वाटले. वर्गातल्या मुलींना मी तसे बोलून दाखवले नाही. माझी आई काय करते हे त्यांतल्या दोघींनाच ठाऊक होते. आता या लेखामुळे सर्वांना ठाऊक होईल, त्याला माझी हरकत नाही.

घरी आल्यावर रात्री आईला ही कथा सांगितली. तिच्या हाताला पावसाळ्यात चिखल्यांसारख्या भेगा पडतात, त्यांना ती तेल लावत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “भांडी घासून गेली की टाकून?”

“घासून.”

“आणि पगार? पगार घेतला का तिने?”

मी वही उघडली, टिपणे पाहिली. पगाराचा उल्लेख कोठेच नव्हता. “मग काय उपयोग,” असे म्हणून आईने दिवा मालवला.

उतरताना बारीच्या अलीकडे एका झापाशी आम्ही थांबलो होतो. तेथली म्हातारी भाजलेली कणसे विकत होती. आमच्यातला एकजण तिला म्हणाला, “आजी, तुमची मजा आहे, सगळीकडे पाणीच पाणी.” तिने निखारा फुंकीत विचारले, “कव्हा आला तुमी?” आम्ही म्हणालो, परवा. “मंग होळी झाल्याव या,” ती म्हणाली. “हंडा संगं आना.” आम्ही हसलो, ती हसली नव्हती. सरांनी नंतर गाडीत समजावून सांगितले. घट्ट फत्तराच्या उतारावर पाणी मुरत नाही, पडते तसे धावत सुटते. धरण खाली आणि वाड्या वर. दोनशे इंच पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात बायकांना पाण्यासाठी दरीत उतरावे लागते ते यामुळे. मऊ थर आणि कठीण थर यांच्या सांध्यातून झिरपणारे झरे हाच काय तो आधार, आणि झरा फुटतो तो नेमका त्या तांबड्या पट्ट्याच्या वर, कारण त्या भाजलेल्या मातीतून पाणी खाली उतरत नाही. रंध्याच्या कड्यात जी रेघ आम्ही केवळ शोभेची म्हणून पाहिली होती, तिच्यावर येथल्या बायकांचे हंडे भरतात.

म्हणून आम्ही तिघींनी ठरवले आहे की परीक्षा संपल्यावर मे महिन्यात पुन्हा जायचे. लाल एसटीने अकोले, तेथून मिळेल त्या गाडीने बारी. पाणी नसल्यामुळे त्या वेळी रंध्याच्या कड्याचे थर वरून खालपर्यंत मोजता येतील, तांबडा पट्टा किती उंचीवर आहे ते टिपता येईल, आणि त्याच उंचीच्या सुमारास आसपासच्या कोणत्या वाड्यांत झरे टिकून आहेत याचा एक साधा नकाशा करता येईल. सरांनी उंची मोजण्याचे यंत्र द्यायचे कबूल केले आहे. म्हातारीच्या धबधब्यांची नावेही विचारून घेऊ. हंडा आम्ही तेथेच कोणाचा तरी मागून घेऊ. एसटीत तो नेऊ देतील की नाही, याबद्दल आमच्यात अजून एकमत झालेले नाही.